जुनी पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक केली तर सरकारकडून हातात काय पडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातल्या एका गृहस्थांकडे २०१३ ची पेट्रोल डिझायर आहे. बॉडी ठणठणीत, महिन्याला आठशेएक किलोमीटर फिरणं. ओळखीच्या गॅरेजवाल्याने ‘अडीच लाखांत इलेक्ट्रिक करून देतो, शिवाय सरकारी सबसिडी मिळेल’ असं सांगितलंय. दिल्लीत आणि युरोपात असे पैसे देतात असंही त्यांनी वाचलंय. महाराष्ट्रात किती मिळतात, अर्ज कुठे करायचा, आणि मेहुण्यांच्या चार गाड्या शिरवळच्या एका कंपनीत कामगारांची ने-आण करतात त्यांनाही हे जमेल का, असं त्यांनी विचारलंय.

मी पुण्यात याच धंद्यात आहे. इंजिनच्या जागी मोटर-बॅटरीचं किट बसवणं, त्याच्या चाचण्या, आरटीओचे कागद हे रोजचं काम. त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो आणि उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. खाजगी पेट्रोल मोटार इलेक्ट्रिक करून घेतली म्हणून रोख अनुदान केंद्र सरकार देत नाही आणि महाराष्ट्र सरकारही देत नाही. अर्ज कुठे करायचा हे सांगता येत नाही, कारण ती खिडकीच उघडलेली नाही. मिळतं ते सगळं आरसीच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या, वाटेने मिळतं. म्हणजे तुमच्या नोंदणीत इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ खोडून ‘इलेक्ट्रिक’ आलं, की काही फी माफ होतात, विम्याचा हप्ता थोडा उतरतो, टोलवर बोलायला जागा होते. एवढंच. आणि ते किती भरतं याचा हिशेब पुढे मांडतो, कारण तो कुणी मांडत नाही.

आधी सबसिडीचा गैरसमज कुठून आला ते बघू. अगदीच हवेतून आलेला नाही. केंद्राची इलेक्ट्रिक वाहनांसाठीची ‘फेम’ योजना १ एप्रिल २०१५ ला सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या टप्प्यात रेट्रोफिट, म्हणजे जुन्या गाडीत नंतर बसवायच्या, किटचाही विचार होता. त्या काळी पुण्यात या विषयावर बराच उत्साह होता. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने भारत फोर्जला सोबत घेऊन २०१० मध्ये ‘रेव्होलो’ नावाचं किट जाहीर केलं होतं. जुन्या पेट्रोल गाडीत इंजिन तसंच ठेवून जोडीला मोटर आणि बॅटरी, म्हणजे प्लग-इन हायब्रिड. पण असं किट रस्त्यावरच्या गाडीत कायदेशीर बसवायचं कसं याचे नियमच तेव्हा नव्हते. हायब्रिड किटचे नियम यायला २०१४ उजाडलं आणि इंजिन पूर्ण काढून शुद्ध इलेक्ट्रिक करण्याचे नियम २०१६ मध्ये आले. तोवर बाजाराचं लक्ष नव्या इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळलं होतं.

फेमचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून लागला. त्यात चारचाकीसाठी पैसे होते, पण टॅक्सीसारख्या व्यावसायिक वापराच्या नव्या गाड्यांना. घरच्या गाडीला नव्या इलेक्ट्रिक मोटारीवरही त्यातून काही मिळत नव्हतं, मग जुन्या गाडीची काय कथा. तो टप्पा ३१ मार्च २०२४ ला संपला. त्यानंतर सहा महिन्यांची एक मधली योजना आली, ती फक्त दुचाकी आणि तीनचाकींची. १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘पीएम ई-ड्राइव्ह’ आहे. १०,९०० कोटींची. त्यात दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका, चार्जिंग स्टेशनं आहेत. मोटारगाड्या नाहीत. कुणी ‘पीएम ई-ड्राइव्हमधून तुमच्या डिझायरला पैसे आणून देतो’ म्हणाला, तर तिथेच नमस्कार करून निघा.

राज्याचं बघू. महाराष्ट्राचं आधीचं ईव्ही (इलेक्ट्रिक वाहन) धोरण जुलै २०२१ चं, आणि सध्याचं २३ मे २०२५ चं, जे मार्च २०३० पर्यंत चालणार आहे. या नव्या धोरणात खाजगी चारचाकीला मूळ किमतीच्या १० टक्के खरेदी सवलत ठेवली आहे. शब्द नीट वाचा: मूळ किंमत, खरेदी. सवलत कंपनीने विकलेल्या नव्या गाडीच्या किमतीवर मोजायची. तुमच्या गाडीची ‘मूळ किंमत’ २०१३ मध्येच देऊन झाली. किट ही गाडी नव्हे, तो सुटा माल आणि त्यावरची मजुरी. प्राप्तिकरातही तेच. कलम ८०ईईबीखाली इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या दीड लाखापर्यंतच्या व्याजाची वजावट होती, ती गाडी खरेदीच्या कर्जाला, आणि तेही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या. धोरण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर शोरूममधून बाहेर पडणारी गाडी असते, गॅरेजमधून बाहेर पडणारी नसते. हे सगळीकडे दिसतं.

अपवाद आहेत, पण मोटारींचे नाहीत. तेलंगणाने २०२० च्या धोरणात जुन्या तीन सीटच्या ऑटोरिक्षा इलेक्ट्रिक करायला खर्चाच्या १५ टक्के, जास्तीत जास्त १५ हजार रुपये ठेवले, तेही पहिल्या पाच हजार रिक्षांना. हे मला शहाणपणाचं वाटतं. रिक्षा रोज शंभरेक किलोमीटर पळते, तिचं मशिन साधं, किट स्वस्त आणि फायदा थेट चालकाच्या खिशात. सरकारने रेट्रोफिटवर रुपया लावायचाच असेल तर तो तिथेच लावावा.

दिल्लीची गोष्ट वेगळी आहे. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाची आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. दिल्ली सरकारने १ जानेवारी २०२२ पासून दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांची नोंदणी रद्द करायला घेतली, तेव्हा मालकांपुढे दोन वाटा ठेवल्या: ना-हरकत घेऊन गाडी दुसऱ्या राज्यात न्या, किंवा मान्यताप्राप्त किट बसवून इलेक्ट्रिक करा. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने निव्वळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई नको म्हटल्यावर पुन्हा चित्र हललं. पण मुद्दा असा, की तिथे प्रोत्साहन म्हणजे ‘गाडी भंगारात जाणार नाही’ एवढंच होतं. चाळीस लाखांची दहा वर्षं जपलेली डिझेल एसयूव्ही असेल तर तेही कमी नाही. साताऱ्यात तुमच्या डिझायरवर असं कुठलंच संकट नाही, त्यामुळे तो फायदाही नाही.

युरोपाबद्दल वाचलंत ते खरं आहे. फ्रान्सने २०२० मध्ये नियम करून किमान पाच वर्षं जुन्या मोटारी इलेक्ट्रिक करायला परवानगी दिली आणि त्याच वर्षी जास्तीत जास्त ५,००० युरोपर्यंत सरकारी मदत देऊ केली. काम अधिकृत व्यावसायिकाकडूनच, घरच्या घरी नाही. अमेरिकेत त्याआधी, फेब्रुवारी २००९ पासून २०११ च्या अखेरपर्यंत, रूपांतराच्या खर्चाच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त ४,००० डॉलर करात सूट होती. ती संपली आणि नंतरच्या मोठ्या सवलती नव्या गाडीच्या पहिल्या मालकाला मिळाल्या. म्हणजे तिथेही गाडी त्याच वळणावर गेली.

आता घरचा हिशेब. गाडी रीतसर इलेक्ट्रिक करून घेतली आणि आरसी बदलली असं धरू.

नोंदणीची फी: केंद्राने २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना आरसी देणं, तिचं नूतनीकरण आणि नवा नोंदणी क्रमांक यांची फी माफ केली आहे. तुमची गाडी २०१३ ची, म्हणजे पंधरा वर्षं २०२८ मध्ये भरतात. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आहे. ती वाचेल. सोबत जुन्या गाडीवर लागणारा पर्यावरण कर वाचेल, तोही काही हजारांत.

विमा: थर्ड पार्टीचे दर १ जून २०२२ पासून असे आहेत: १००० ते १५०० सीसी पेट्रोल मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये, आणि ३० किलोवॉटपर्यंतच्या इलेक्ट्रिक मोटारीला १,७८० रुपये. तुमची डिझायर ११९७ सीसीची. मोटर तीस किलोवॉटच्या आत असेल तर वर्षाला १,६३६ रुपये वाचले. मोटर त्याहून मोठी घेतली तर दर २,९०४ होतो आणि बचत पाचशेवर येते. मात्र ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता वाढेल, कारण किटची किंमत गाडीच्या विमा मूल्यात धरावी लागते. ती धरून घ्याच. नाहीतर उद्या पाण्यात गाडी गेली तर २०१३ च्या डिझायरचे पैसे मिळतील, बॅटरीचे नाहीत.

रोड टॅक्स: इथे लोकांची मोठी निराशा होते. महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कर माफ आहे हे बरोबर, पण तुम्ही तो एकरकमी पंधरा वर्षांचा भरलेला आहे. गाडी इलेक्ट्रिक झाली म्हणून भरलेला कर परत मिळतो असं समजू नका.

टोल: २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे, आणि ती ऑगस्ट २०२५ पासून प्रत्यक्षात आणायला सुरुवात झाली. कारखान्यातून इलेक्ट्रिक आलेल्या गाड्यांच्या खात्यातूनही पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी झाल्या, विधानसभेत विषय निघाला. रूपांतर केलेल्या गाडीचा फास्टॅग तर जुन्या पेट्रोल नोंदीवर काढलेला असतो. आरसी बदलल्यावर फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे नवी आरसी देऊन नोंद बदलून घ्यावी लागते. आणि साताऱ्याहून पुण्याला येताना लागतात ते आणेवाडी आणि खेड शिवापूर. ते राष्ट्रीय महामार्गावरचे, या माफीत येत नाहीत.

म्हणजे पाच वर्षांत विम्याचे आठ हजार, नूतनीकरणाचे पाच हजार, पर्यावरण कराचे काही. पंधरा-सोळा हजार म्हणा.

दुसऱ्या बाजूला जीएसटी बघा. तयार इलेक्ट्रिक गाडीवर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. पण लिथियम-आयन बॅटरी सुटी घेतली की १८ टक्के, मोटर घेतली की १८, बसवायची मजुरी १८. तुमच्या गाडीच्या मापाचं रीतसर मान्यता असलेलं किट, त्यातल्या बॅटरीनुसार, चार ते सहा लाखांच्या घरात जातं. पाच लाख धरले तर त्यावर ९० हजार कर. सरकार तुमच्याकडून ९० हजार घेतं आणि पाच वर्षांत सोळा हजार परत करतं. आमच्या धंद्यातल्या माणसांची सबसिडीची मागणी फारशी नाहीच. किटला गाडीसारखाच ५ टक्के कर लावा, एवढं झालं तरी ६५ हजारांचा फरक पडतो आणि त्यासाठी एकही अर्ज, एकही पोर्टल लागत नाही.

सरकार हात का आखडतं, त्याचंही कारण समजून घ्या. नव्या गाडीची तपासणी एकदा झाली की त्या मॉडेलच्या लाख गाड्या सारख्या निघतात. जुन्या गाडीत प्रत्येकीचं सस्पेन्शन वेगळं थकलेलं, कुणाची फ्लोअर गंजलेली, कुणी पुढून ठोकून आणलेली. किट चांगलं असलं तरी बसवणारे हात सगळीकडे सारखे नसतात. इंजिन काढलं की काय काय जातं याची कल्पना गॅरेजवाल्यालाही बऱ्याचदा नसते. ब्रेकचंच घ्या. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला इंजिनच्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतो. इंजिन गेलं की तो गेला. वेगळा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप, त्याची टाकी आणि दाब कमी झाला तर इशारा देणारा सेन्सर बसवावा लागतो. तो नसेल तर पहिले दोन-तीन ब्रेक ठीक लागतात आणि मग पेडल दगडासारखं कडक होतं. खंबाटकीच्या उतारावर हे कळून काय उपयोग? एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरायचा, त्याला वेगळा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर लागतो. डिझायरचं पॉवर स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे, ते एक वाचतं. मोटरचा शाफ्ट मूळ गिअरबॉक्सला जोडणारी अ‍ॅडॅप्टर प्लेट मिलिमीटरच्या अंशाने तिरकी लागली तर साठच्या पुढे केबिनमध्ये घरघर सुरू होते आणि वर्षभरात बेअरिंग जातं.

आणि वजन. इंजिन, सायलेन्सरची लाइन, पेट्रोलची टाकी निघाली की दीडएकशे किलो कमी होतात, बॅटरीचे त्याहून जास्त चढतात, आणि मुख्य म्हणजे ते पुढून मागे सरकतात. डिकीत सगळी बॅटरी रचली की मागची बसते, पुढची चाकं हलकी होतात, पावसात वळणावर गाडी सरळ जायला बघते. म्हणून चांगली किटं बॅटरी विभागून बसवतात, थोडी बॉनेटखाली, थोडी टाकीच्या जागी, थोडी स्टेपनीच्या खड्ड्यात. हे सगळं एआयएस-१२३ या मानकाच्या तिसऱ्या भागात तपासलं जातं. बॅटरीसाठी एआयएस-०३८ ची दुसरी सुधारित आवृत्ती आहे. २०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्यावर बॅटरीचे नियम कडक झाले, त्याचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२३ पासून लागू आहे. या चाचण्या कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआयमध्ये किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत होतात, खर्चिक असतात, आणि मान्यता ठरावीक मॉडेलांपुरती मिळते. डिझायरचं प्रमाणपत्र दाखवून सँट्रोत किट बसवता येत नाही.

तर तुमच्या गॅरेजवाल्याचे अडीच लाख. मला ते कसे जमतात याचा अंदाज आहे: कुठूनतरी आणलेले सेल, ई-रिक्षाच्या घराण्यातली मोटर, मान्यता नाही. त्याला एकच विचारा, ‘या किटचं टाइप अप्रूव्हल, म्हणजे चाचणी संस्थेच्या मान्यतेचं, प्रमाणपत्र दाखवा, आणि त्यात माझ्या गाडीचं मॉडेल कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवा.’ दाखवता आलं नाही तर बोलणं संपलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या परवानगीने, मान्य किटनेच करता येतो. नाहीतर कलम १८२अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाला, गॅरेजवाल्याला नव्हे. दंडापेक्षा विम्याची भीती मोठी. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली मोटर असलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आणखी काय लागतं? आणि वर सांगितलेले सोळा हजारही यात नाहीत, कारण आरसी बदलतच नाही.

कायदेशीर वाटेने जायचं असेल तर क्रम पाळा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेचं ना-हरकत. मग आरटीओकडे बदलासाठी अर्ज, सोबत किटच्या मान्यतेची प्रत. परवानगी आली की किट कंपनीने नेमलेल्या अधिकृत केंद्रातच बसवणं. मग बसवल्याचं प्रमाणपत्र, विम्यात दुरुस्ती, आणि गाडी घेऊन तपासणीला. निरीक्षक चेसिस नंबर जुळवतो, इंजिन नंबरच्या जागी आता मोटरचा नंबर येतो, तो बघतो, किटवरची प्लेट आणि प्रमाणपत्रातला क्रमांक ताडतो. काही ठिकाणी तासात होतं. काही ठिकाणी निरीक्षकाने आयुष्यात पहिलीच अशी गाडी बघितलेली असते, मग तो वरिष्ठांना विचारतो, फाइल बसते. त्याच्यावर चिडू नका, नियमाची प्रत सोबत ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियमातला ११५ड शोधून दिला की काम पुढे सरकतं. शेवटी आरसीवर इंधनापुढे ‘इलेक्ट्रिक (बीओव्ही)’, म्हणजे बॅटरीवर चालणारं वाहन, आलं की झालं, आणि मग हिरवी नंबरप्लेट.

आता मुख्य हिशेब, सबसिडी बाजूला ठेवून. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गावात-हायवेला मिळून १५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला सात रुपये. रूपांतर केलेली डिझायर एका युनिटला साडेसहा किलोमीटरच्या आसपास जाते. घरच्या मीटरवर महावितरणचा युनिटचा दर सरसकट नसतो, वापर वाढला की वरच्या स्लॅबमध्ये जातो. गाडीचे महिन्याचे सव्वाशे युनिट घरच्या वापरावर चढले की ते महागातल्या स्लॅबचे पडतात. म्हणून किलोमीटरला दोन रुपये धरा. वाचले पाच. तुमचं वर्षाला ९,६०० किलोमीटर, म्हणजे ४८ हजार रुपये. करासह किट ५ लाख ९० हजार. बारा वर्षं. तोवर बॅटरी बदलायची वेळ आलेली असेल आणि डिझायर पंचवीस वर्षांची झालेली असेल.

सीएनजीशी तुलना केली की चित्र आणखी स्पष्ट होतं. सीएनजी किटला कुणी सबसिडी दिली नव्हती. तरी पंप आले त्या गावात लोकांनी रांगा लावल्या, कारण पन्नास-साठ हजारांचं किट वर्षा-दीड वर्षात वसूल व्हायचं. तुमच्यासारख्या फिरण्याला माझा सल्ला: डिझायर पेट्रोलवरच चालवा. २०२८ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी विचार करा. तेव्हा इलेक्ट्रिकच हवी असेल तर आठ लाखांच्या आसपासपासून नव्या लहान ईव्ही मिळतात, बॅटरीवर आठ वर्षांची वॉरंटी आणि राज्याची सवलत चालू असेल तर तीही. जुनी गाडी अधिकृत भंगार केंद्रात दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं, पण त्यातली गंमत लक्षात घ्या: त्याची मुख्य सवलत म्हणजे नव्या गाडीच्या करात केंद्राच्या नियमाप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत सूट, आणि ईव्हीला तो कर मुळातच शून्य आहे. शून्याचे २५ टक्के.

एक सरकारी पैसा मात्र तुम्हाला आजही मिळू शकतो, आणि तो गाडीवर नाही, छतावर आहे. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत फेब्रुवारी २०२४ पासून तीन किलोवॉटच्या सोलरला ७८ हजार रुपये अनुदान आहे. स्वतःचं घर आणि छत असेल तर तीन किलोवॉट साताऱ्याच्या उन्हात महिन्याला साडेतीनशे युनिटच्या आसपास देतं. पुढे ईव्ही घेतलीत तर स्लॅबची चिंता त्यातून मिटते, नाही घेतलीत तरी बिल उतरतं.

राहिले मेहुणे. त्यांचं गणित वेगळं आहे आणि ते आधी त्यांच्या इंधनावर ठरतं. गाड्या रोज शंभर किलोमीटर, वर्षाला तीस हजार फिरत असतील आणि पेट्रोलवर असतील तर प्रत्येकी वर्षाला दीड लाख वाचतात, किट चार वर्षांत वसूल. डिझेल असतील तर बचत तीन रुपयांवर येते, साडेसहा वर्षं. सीएनजीवर असतील, आणि हल्ली कंत्राटी गाड्या बहुतेक असतातच, तर किलोमीटरला दोनच रुपये वाचतील आणि विषय सोडून द्यावा. पेट्रोल-डिझेल असतील तर त्यांच्या बाजूने तीन गोष्टी आहेत. ऑक्टोबर २०१८ पासून बॅटरीवरच्या व्यावसायिक वाहनांना परमिट लागत नाही. प्राप्तिकराच्या घसारा तक्त्यात इलेक्ट्रिक वाहनांना ४० टक्के दर आहे, भाड्याने चालणाऱ्या साध्या मोटारींना ३०. रूपांतर केलेल्या गाडीच्या किटचा खर्च त्यात कसा बसवायचा ते सीएकडून लेखी घ्यावं. आणि वाहन चार्जिंगसाठी महावितरणची वेगळी वर्गवारी आहे, त्यात घरगुती स्लॅबचा त्रास नाही.

पण त्यांनी चारही गाड्या एकदम करू नयेत. ज्या गाडीचं कंत्राट किमान तीन-चार वर्षं टिकणार आहे, जिचा मार्ग ठरलेला आहे आणि जी दोन शिफ्टच्या मधे कंपनीच्याच आवारात चार तास उभी असते, ती एक निवडावी. कंपनीकडून तिथे चार्जिंगचा पॉइंट घ्यायची परवानगी आधी पत्रावर घ्यावी. किट कंपनीकडून बॅटरीची वॉरंटी वर्षं आणि किलोमीटर दोन्हीत लिहून घ्यावी, कारण खाजगी गाडीची वॉरंटी टॅक्सीला बऱ्याचदा लागू नसते आणि ते बारीक अक्षरात असतं. पावसाळ्याचे चार महिने ती गाडी चालवून बघावी. उरलेल्या तीन गाड्यांचं त्या एका गाडीच्या डायरीवरून ठरवता येईल.